जर्क, जोल्ट, लर्च: हिसक्यांच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास

हिसका, गचका, हेलकावा, झोकांडी अशा अचानक आणि ओबडधोबड हालचालींसाठी इंग्रजीत शब्दांचा मोठा साठा आहे. जर्क, जोल्ट, जॉग, जार, लर्च, लंज, स्टॅगर, हॉबल, वॉबल, ट्विच, जिटर, जडर ही त्यातली नेहमी भेटणारी नावे. हे शब्द सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चाक दगडावरून गेले की जोल्ट बसतो, लाटेने जहाज कलंडले की लर्च होतो, दारू चढलेला माणूस स्टॅगर करत जातो आणि ब्रेक नीट धरत नसला की मोटार जडर करते. एवढी काटेकोर विभागणी कोणी ठरवून केलेली नाही. बहुतेक शब्द कामकरी लोकांच्या तोंडून लिखाणात आले. मोची, घोडेस्वार, खलाशी, गाडीवान आणि पुढे यंत्रांवर काम करणारे कारागीर यांनी आपापल्या कामात जो हिसका रोज सोसला, त्याला नाव दिले. त्यामुळे इंग्रज माणूस कोणत्या शतकात कशावर बसून प्रवास करत होता आणि त्याच्या हाडांना काय सोसावे लागत होते, याचा चांगला मागोवा या शब्दांवरून घेता येतो.

यातला सर्वांत सर्वसामान्य शब्द जर्क. आज मराठी माणूसही क्लच सोडताना गाडीने ‘जर्क मारला’ असे सहज म्हणतो. इंग्रजीत मात्र या शब्दाची सुरुवात गाडीपासून फार दूर झाली. त्याचे जुने भावंड ‘यर्क’ हे 15व्या शतकात जोडे शिवणाऱ्यांच्या बोलीत होते. जोड्याच्या तळाला टाका घालताना मोची आरीने भोक पाडतो, मेण लावलेल्या दोऱ्याची दोन टोके दोन्ही बाजूंनी त्यातून ओवतो, दोन्ही टोके हातांना गुंडाळतो आणि कोपर बाहेर फेकत एकाच झटक्यात टाका आवळतो. कातड्यात दोरा रुतवणारी ही शेवटची ओढ म्हणजे यर्क. हळू ओढले तर टाका बसत नाही, म्हणून ओढीतली अचानकता हाच त्या कामाचा गाभा होता. 1540च्या सुमारास ‘जर्क’ हे रूप लिखाणात दिसते ते चाबकाच्या फटक्यासाठी. चाबूक ओढणाऱ्या मनगटाची हालचाल आणि टाका आवळणाऱ्या हाताची हालचाल यांत फारसे अंतर नाही. त्याच शतकाच्या अखेरीस फटक्याचा अर्थ मागे पडू लागला आणि अचानक ओढणे, हिसडणे हा आजचा अर्थ रुळला.

पुढे हा शब्द अनेक धंद्यांत फिरला. अमेरिकेत औषधांच्या दुकानात सोड्याच्या नळाचा दांडा हिसडून पेय भरणाऱ्या पोराला ‘सोडा जर्क’ म्हणत. त्याच देशात आगगाडीच्या आडबाजूच्या फाट्यावर इंजिनात भरायला पाणी मिळेल तिथून ओढून घ्यावे लागे. त्यावरून अशा फाट्यावरच्या गाडीला आणि मग तिथल्या किरकोळ गावालाही ‘जर्कवॉटर’ हे काहीसे हिणवणारे नाव पडले. वजन उचलण्याच्या स्पर्धेत ‘क्लीन अँड जर्क’ या प्रकारात खांद्यावर घेतलेली सळई एका झटक्यात डोक्यावर नेली जाते, तिथे शब्दाचा मूळ जोर शाबूत आहे. वाळवलेल्या मांसाच्या ‘जर्की’चा मात्र या कुळाशी काही संबंध नाही. तो शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला.

जर्क, जोल्ट, जॉग, जार, जाउन्स, जिटर, जडर असे ‘ज’ने सुरू होणारे शब्द एका ओळीत मांडले की ते एकाच मुळातून फुटले असावेत असा भास होतो. पण कोशकारांनी शतकभर खणूनही तसे मूळ हाती लागलेले नाही; निम्म्याहून अधिक शब्दांपुढे ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असाच शेरा आहे. ‘जार’ आधी कर्कश आवाजाला म्हणत आणि हादऱ्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘जॉसल’ म्हणजे गर्दीतली धक्काबुक्की. हा शब्द घोड्यावरून भाला रोखून खेळल्या जाणाऱ्या सरदारांच्या झुंजीतून, म्हणजे ‘जाउस्ट’मधून, आला. बाकीच्यांना एकत्र ठेवते ते बहुधा कानाचे नाते. ‘ज’चा उच्चार करताना जीभ टाळूला अडते आणि लगेच सुटते. अडून सुटण्याची ही क्रिया हिसक्याला साजेशी वाटली असावी आणि एकदा दोनचार शब्द रूढ झाल्यावर नव्यांनी तोच पोशाख घातला. जॉन वॉलिस या गणितज्ञाने 1653मध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात विशिष्ट जोडाक्षरांनी सुरू होणारे शब्द विशिष्ट अर्थांभोवती गोळा होतात हे उदाहरणांसह दाखवले होते. 20व्या शतकात भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी या गोष्टीला शास्त्रीय संज्ञा दिली. 1920च्या दशकात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि ही संज्ञा त्यांच्या 1930च्या पुस्तकात आली.

शब्दाच्या शेवटाकडे पाहिले तर चित्र जास्त स्वच्छ दिसते. स्टॅगर, टॉटर, जडर यांच्या शेवटी ‘अर’ आहे, तर वॉबल, हॉबल, जिगल, जॉगल यांच्या शेवटी ‘ल’. जुन्या जर्मानिक भाषांत हे दोन्ही प्रत्यय क्रिया लहान लहान तुकड्यांत पुन्हा पुन्हा होते असे दाखवत. जॉग म्हणजे एक ढोसणी, जॉगल म्हणजे तीच हलके हलके चालू ठेवणे. मराठीत हेच काम द्विरुक्ती करते: डुगडुग, लटलट, थरथर, खडखड. म्हणून मराठीत भाषांतर करणाऱ्याला ‘वॉबल’ किंवा ‘जिगल’ फारसे अडवत नाहीत. अडवतात ते जर्क आणि लर्च हे एकदाच घडणारे, एका घावात संपणारे शब्द.

घोड्याने या साठ्यात बरीच भर घातली. ‘जॉग’च्या आधी ‘शॉग’ असे रूप मध्ययुगीन इंग्रजीत होते आणि शेक्सपिअरच्या नाटकांतही ते सापडते. जॉग प्रथम नुसत्या हलवण्याला किंवा ढोसण्याला म्हणत. घोड्याच्या संथ, उसळत्या दुडक्या चालीमुळे त्याला गती मिळाली आणि ‘जॉग ट्रॉट’ म्हणजे एकसुरी, न थांबणारी चाल झाली. 1960च्या दशकात अमेरिकेत हा शब्द माणसाच्या पायांवर आला. ऑरेगनचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन 1962मध्ये न्यूझीलंडला गेले, तिथे आर्थर लिडियार्ड यांनी सामान्य माणसांना सावकाश पळायला लावलेले त्यांनी पाहिले, आणि परत आल्यावर हृदयरोगतज्ज्ञ वॉल्डो हॅरिस यांच्यासह ‘जॉगिंग’ नावाचे पुस्तक लिहिले. सकाळी बागेत पळणाऱ्यांचे जॉगिंग ते हेच. ‘स्टॅगर’ हा नॉर्स लोकांच्या भाषेतला, ढकलणे या अर्थाच्या क्रियापदातून आलेला शब्द. घोड्यांना आणि गुरांना तोल जाण्याचा जो रोग होतो त्याला ‘स्टॅगर्स’ म्हणत. झोकांड्या खाणाऱ्याची पावले कधी डावीकडे कधी उजवीकडे पडतात, त्यावरून 19व्या शतकात वस्तू आलटून पालटून मांडण्यालाही स्टॅगर म्हणू लागले. आज कचेऱ्यांच्या वेळा स्टॅगर करतात. ‘लंज’ तलवारबाजीतला. फ्रेंचमधून आलेला हा शब्द पुढे झेपावून केलेल्या वाराचा होता. आता तो कुत्र्याच्या झेपेला आणि व्यायामशाळेतल्या गुडघ्याच्या व्यायामालाही लागतो.

समुद्राने दिलेला सर्वांत मोठा शब्द लर्च. शिडाचे जहाज वारा एका बाजूने घेऊन चालले की ते वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला थोडे कललेले असते आणि खलाशी त्या कलाला सरावलेले असतात. मग एखादी मोठी लाट वाऱ्याकडच्या बाजूखाली शिरते, ती बाजू एकदम उचलते आणि आधीच कललेले जहाज आणखी खोल कोसळते. ही कोसळ नेहमीच्या डुलण्यापेक्षा निराळी. डुलण्याला लय असते, माणूस पाय रोवून तिच्याबरोबर हलतो. ही मात्र लय मोडून येते. पेट्या सरकतात, भांडी उडतात, शिडीवरचा माणूस हात सुटून पडू शकतो. 18व्या शतकातल्या खलाश्यांच्या बोलीत या कोसळीला ‘ली-लार्च’ असे नाव होते, 1760च्या दशकातल्या कोशात त्याची नोंद मिळते आणि 1784च्या सुमारास ‘लर्च’ हे सुटे रूप दिसू लागते. फ्रेंचमधल्या ‘सोडून देणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते असावे असा एक तर्क आहे. बायरन यांनी 1819मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन जुआन’च्या दुसऱ्या सर्गात या शब्दाचा फार परिणामकारक उपयोग केला. नायक जहाजावर उभा राहून दूर राहिलेल्या प्रेयसीला कधीही न विसरण्याच्या आणाभाका घेत असतो, जहाज लर्च खाते, आणि त्याला मळमळू लागते. तोवर हा शब्द किनाऱ्यावरच्या वाचकालाही कळू लागला असला पाहिजे, नाहीतर त्या ओळीतली गंमत वाया गेली असती. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडणाऱ्यांना लागू झाला. खलाशी बंदरावर उतरला आणि त्याची बोली त्याच्याबरोबर उतरली.

कोणाला ‘इन द लर्च’ सोडणे, म्हणजे ऐन वेळी वाऱ्यावर सोडणे, यातला लर्च मात्र वेगळा आहे. 16व्या शतकात सोंगट्या-फाशांसारखा ‘लूर्श’ नावाचा एक फ्रेंच खेळ होता, त्यात फार मागे पडलेल्या खेळाडूची जी अवस्था ती ‘लर्च’. ‘लर्चर’ जातीच्या शिकारी कुत्र्याचे नाव तिसऱ्याच, दबा धरून बसणे या अर्थाच्या शब्दावरून पडले. तीन धंद्यांतले तीन शब्द कालांतराने एकाच लेखनात येऊन मिळाले.

जमिनीवरचा प्रवास त्या काळी समुद्राइतकाच अंग खिळखिळे करणारा होता. ‘जोल्ट’ 16व्या शतकाच्या शेवटी आला, त्याआधी ‘जोल्टहेड’ हा मठ्ठ माणसाला देण्याचा शब्द होता. जोल्टचा पसारा वाढला तो घोडागाडीमुळे. 1634मध्ये लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर भाड्याच्या घोडागाड्यांचा पहिला तळ सुरू झाला. या गाड्यांची पेटी फार तर कातडी पट्ट्यांवर टांगलेली असे, चाकांना लोखंडी धावा, आणि खाली दगडगोट्यांची फरसबंदी. 1665च्या मे महिन्यात सॅम्युअल पीप्स यांनी आपल्या रोजनिशीत गाड्या सुखकर करण्याच्या प्रयोगांची हकिकत लिहिली. रॉयल सोसायटीची मंडळी तेव्हा स्प्रिंगा लावून गाड्या चालवून पाहत होती. समाजातले सर्वांत विद्वान लोक गचक्यांवर उपाय शोधायला बसतात यावरून तो त्रास किती मोठा असेल याची कल्पना येते. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755च्या कोशात ‘जोल्ट’चा अर्थ दिला तोही खडबडीत जमिनीवरून जाणाऱ्या गाडीच्या दाखल्याने.

उपाय सापडायला 19वे शतक उजाडावे लागले. 1804मध्ये ओबाडाया इलियट या लंडनच्या गाड्या बनवणाऱ्याने दोन कमानदार पट्ट्यांच्या जोडीची स्प्रिंग गाडीला बसवण्याचे पेटंट घेतले. 1816मध्ये जॉन लाउडन मॅकॅडम ब्रिस्टलच्या टोलरस्त्यांचे सर्वेक्षक झाले आणि त्यांनी रस्त्यात मोठे दगड वापरणे बंद केले. 6 औंसांपेक्षा जड दगड नको, हा त्यांचा नियम. बारीक खडी चाकांच्या दाबानेच एकमेकींत घट्ट बसते आणि पाणी खाली मुरू न देणारा थर तयार होतो. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकांत ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ आणि ‘बिटुमिनस मॅकॅडम’ असे उल्लेख आजही असतात. हे त्याच माणसाचे नाव. 1860च्या दशकात पॅरिसहून पायट्यांची सायकल इंग्लंडात आली. तिला लाकडी चाके आणि लोखंडी धावा होत्या, त्यामुळे फरसबंदीवर ती बसणाऱ्याला इतकी हादरवत असे की लोकांनी तिचे नावच ‘बोनशेकर’, म्हणजे हाडे खिळखिळी करणारी, ठेवले. 1888मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला रबरी टायर केला.

आगगाडीचा हिसका निराळ्या जातीचा होता. रुळांच्या सांध्यावर चाक आपटून जो नियमित खटका बसतो तो 1847पासून सांध्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडण्याची रीत आल्यावर सौम्य झाला, तरी बारीक थरथर राहिलीच. 1862मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने रेल्वेप्रवासाचा प्रकृतीवर होणारा परिणाम तपासून लेखमाला छापली. तिच्यात घोडागाडीचे मोठे गचके आणि आगगाडीचे लहान, जलद हादरे यांतला फरक बारकाईने मांडला होता.

तीन वर्षांनी, 9 जून 1865 रोजी, केंट परगण्यात स्टेपलहर्स्टजवळ दुरुस्तीसाठी रूळ काढलेल्या पुलावर गाडी घसरली आणि 10 माणसे दगावली. त्या गाडीत चार्ल्स डिकन्स होते. त्यांचा डबा पुलावर अर्धवट लटकत राहिला. ते बाहेर आले आणि जखमींना पाणी, ब्रँडी देत फिरले. शरीराला मोठी इजा झाली नव्हती, पण पत्रांत त्यांनी स्वतःला ‘शेकन’ म्हटले, आणि पुढे आगगाडीत बसले की त्यांना अचानक धडकी भरत असे. 1866मध्ये शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसन यांनी असे अनेक रोगी पाहून पुस्तक लिहिले. बाहेरून जखम नाही, तरी महिनोन्‌महिने झोप नाही, स्मरण क्षीण, पाठ दुखते. अपघाताच्या हादऱ्याने पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा होते असे त्यांचे म्हणणे, आणि या विकाराला ‘रेल्वे स्पाइन’ असे नाव पडले. भरपाईच्या दाव्यांत प्रवाशांचे वकील एरिकसन यांचा आधार घेत. 1883मध्ये हर्बर्ट पेज या रेल्वे कंपनीशी संबंधित शल्यचिकित्सकाने उलट बाजू मांडली: बहुतेक रोग्यांचा कणा धड असतो, भीतीचा धक्का हेच कारण. पेज कंपनीच्या बाजूने बोलत होते हे खरे, पण मनाला बसलेला धक्का शरीरावर दिसतो हे त्यांनी स्पष्ट मांडले. ‘शॉक’ हा शब्द तोवर मुख्यतः सैन्यांच्या टकरीचा, भूकंपाचा आणि विजेचा होता. या वादांतून तो मनाच्या आघातासाठी वैद्यकात पक्का झाला आणि पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ म्हणून घरोघर पोहोचला.

हिसका मोजताही येतो हे अभियंत्यांना रुळांच्या वळणांनी शिकवले. सरळ रुळाला एकदम गोल वळण जोडले की प्रवासी बाजूला फेकला जातो; म्हणून वक्रता हळूहळू वाढवणारा मधला तुकडा घालतात. वेग किती झपाट्याने बदलतो ते त्वरण सांगते, आणि त्वरण किती झपाट्याने बदलते त्या राशीला यंत्रशास्त्रात ‘जर्क’ म्हणतात. तिचे एकक मीटर भागिले सेकंदाचा घन. लिफ्ट आणि मेट्रोच्या रचनेत या राशीला मर्यादा घातलेली असते, म्हणूनच वेगाने सुटणाऱ्या लिफ्टमध्येही माणूस सहसा धडपडत नाही. ही मर्यादा न पाळल्याचे उदाहरण न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमध्ये 1895मध्ये उभे राहिले. ‘फ्लिप फ्लॅप’ नावाच्या करमणुकीच्या गाडीचा उभा फेरा अगदी वर्तुळाकार होता. सपाट रुळावरून त्यात शिरताच त्वरण एकदम वाढे आणि बसणाऱ्यांच्या माना आखडत. 1976मध्ये जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगल यांनी कॅलिफोर्नियातल्या एका गाडीसाठी थेंबाच्या आकाराचा फेरा आखला. त्यात वक्रता क्रमाक्रमाने वाढते आणि उलटे फिरतानाही मान सलामत राहते. जर्कच्या पुढच्या राशींना ‘स्नॅप’, ‘क्रॅकल’ आणि ‘पॉप’ अशी नावे गणित्यांनी दिली आहेत. ती न्याहारीच्या एका अमेरिकन तांदळाच्या पदार्थाच्या जाहिरातीतून उचललेली.

‘ट्विच’ म्हणजे शरीराचे फडफडणे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ उपटणे. 1791मध्ये लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरचे विजेचे प्रयोग प्रसिद्ध केल्यावर स्नायूंच्या अभ्यासाला जोर आला, आणि पुढे एका आवेगाने स्नायू एकदा आकसून सैल होण्याला शरीरशास्त्रात हेच नाव पडले. धावपटूंचे स्नायू ‘फास्ट ट्विच’ की ‘स्लो ट्विच’ अशी चर्चा होते ती त्यावरून.

मोटारीबरोबर 1920च्या दशकात ‘जडर’ आला. ब्रेकचे किंवा क्लचचे पृष्ठभाग समान न घासता धरत-सुटत राहतात तेव्हा सारी गाडी जी खडखडून थरथरते ती जडर. शेक, जार आणि शडर यांची छाया या शब्दावर दिसते. त्याच काळात चित्रपटगृहात हिसक्यांचे दुसरे रूप होते. मूकपट सेकंदाला साधारण 16 ते 20 चौकटींनी चित्रित होत. बोलपटांसाठी 24 हा वेग ठरल्यावर जुन्या फिती त्या वेगाने दाखवल्या गेल्या आणि माणसे तुरुतुरु, झटक्या-झटक्याने चालताना दिसू लागली. चाप्लिनच्या काळातले लोक असेच चालत, असा नंतरच्या पिढ्यांचा समज झाला तो या चुकीच्या वेगामुळे. पडद्यावरच्या लुकलुकण्यावरून इंग्रज लोक सिनेमाला ‘फ्लिक्स’ म्हणू लागले.

‘जिटर’ही 1920च्या दशकातला, अमेरिकेतला. आधी तो ‘जिटर्स’ असा अनेकवचनी होता आणि अंगाला सुटलेल्या अस्वस्थ कापऱ्याला म्हणत. थंडीने कुडकुडणे या अर्थाच्या ‘चिटर’ या बोलीतल्या शब्दाचे हे बदललेले रूप असावे. 1934मध्ये कॅब कॅलोवे यांच्या ‘जिटर बग’ या गाण्याने तो जॅझच्या दुनियेत गेला आणि हात-पाय झटकत केलेल्या एका नाचाचे नाव झाला. पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांनी विद्युतसंकेताच्या वेळेतल्या सूक्ष्म चुकांना हेच नाव दिले. इंटरनेटवरून बोलताना आवाजाचे तुकडे करून पाठवतात. पाठवणारा ते समान अंतराने सोडतो, पण वाटेत कोणी लवकर पोहोचतो, कोणी उशिरा. हा फरक म्हणजे जिटर आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. तो झाकण्यासाठी ऐकणाऱ्याच्या यंत्रात तुकडे क्षणभर साठवून मग समान अंतराने वाजवले जातात. साठा लहान ठेवला तर उशिरा आलेले तुकडे गळतात आणि शब्द तुटतात. मोठा ठेवला तर आवाज अखंड येतो, पण उत्तर पोहोचायला वेळ लागतो आणि दोघेही एकाच वेळी बोलू लागतात.